ग्रह कसे घडतात याचा अभ्यास: कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी

बी.एस्सी.ला फिजिक्स आहे, ग्रहमाला कशा घडतात आणि पुढे कशा बदलतात यात रस आहे, तर दुर्बीण कुठली घेऊ? नव्याने या वाटेला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. उत्तर आहे, सध्या कुठलीच नको. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचं आकाश ढगांच्या ताब्यात असतं, आणि या विषयातला खरा माल, म्हणजे अवकाश दुर्बिणींची मोजमापं, वर्षभर फुकट उपलब्ध असतो. आधी लॅपटॉपवर एका ग्रहाचा हिशोब पूर्ण करा. दुर्बिणीचा विचार सातव्या पायरीवर करू.

१. काय काय लागेल

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. तोही नसेल तर गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. सत्र संपलं की तिथल्या फायली पुसल्या जातात, म्हणून आलेख आणि आकडे लगेच ड्राइव्हवर जतन करा.
- पायथन, आणि त्यात नमपाय (गणितासाठी), मॅटप्लॉटलिब (आलेखांसाठी), लाइटकर्व्ह (दुर्बिणींच्या नोंदी उतरवून तपासायला) आणि रिबाउंड (कक्षांचं गणित चालवायला) ही पॅकेजेस. सगळी मोफत आहेत.
- फिट्स प्रकारच्या खगोलीय प्रतिमा उघडायला डीएस नाइन.
- बारावीचं गणित: घातांक, घनमूळ, लॉग. डिफरन्शियल इक्वेशन आलं तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही.
- एक वही. कुठली फाइल, कुठली सेटिंग, कुठला आकडा, हे तारखेसह लिहिण्यासाठी. ही सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर नंतर लागत नाही.

संदर्भ पुस्तकांसाठी शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम काउंटरवर विचारून घ्या.

२. ग्रह एकच निवडा

नासाच्या एक्सोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये आज सहा हजारांवर परग्रहांची नोंद आहे. ती यादी उघडून सगळ्यांचे आलेख काढत बसण्याचा मोह टाळा. एक ग्रह घ्या आणि त्याचा पिच्छा पुरवा.

सुरुवातीला वास्प-१२ बी घ्यावा असा आमचा सल्ला आहे. सारथी तारकासमूहातल्या ११.७ प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ताऱ्याभोवती तो फिरतो, एक फेरी १.०९ दिवसात संपवतो आणि दर फेरीत ताऱ्यासमोरून जातो. या अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्का घटतो. ही घट, म्हणजे अधिक्रमणाची खोली, साध्या आलेखातही डोळ्यांना दिसते. शिवाय या एकाच ग्रहात स्थलांतर, फुगवटा आणि कक्षेची झीज असे विषयातले तीन मोठे प्रश्न सापडतात.

पृथ्वीसारखा ग्रह घेऊन सुरुवात करू नका. सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश १ टक्का घटतो, पृथ्वी गेली तर ०.००८४ टक्के. पहिल्याच महिन्यात ही दुसरी घट शोधायला गेलात तर आलेखावर नुसता गोंगाट दिसेल.

३. प्रकाशवक्र उतरवून घ्या

ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो याचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. टेस ही अवकाश दुर्बीण एप्रिल २०१८ मध्ये सुटली. ती आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सुमारे २७ दिवस सलग पाहते, आणि अशा पट्ट्याला सेक्टर म्हणतात. वास्प-१२ चं निरीक्षण सेक्टर २० मध्ये आणि पुढे ४३, ४४, ४५ मध्ये झालं आहे.

क्रम असा ठेवा:

लाइटकर्व्हमध्ये ताऱ्याच्या नावाने शोध घ्या. निकालात अनेक ओळी येतील. त्यातली लेखक एसपीओसी (टेसच्या नोंदींवर प्रक्रिया करणारं नासाचं केंद्र) आणि एक्स्पोजर १२० सेकंद असलेली, सेक्टर २० ची ओळ घ्या. फाइल छोटी असते, मोबाइलच्या डेटावरही उतरते. पूर्ण चौकटींच्या प्रतिमा मात्र उतरवू नका. त्या प्रचंड असतात आणि इथे त्यांचा उपयोग नाही.

मग रिकाम्या नोंदी काढून टाका, वक्र सपाट करा, आवर्तकाल शोधा आणि त्या कालावधीवर वक्राची घडी घाला, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवा. काम चार ओळींचं, पण गफलतीच्या जागाही चारच आहेत.

पहिली जागा सपाटीकरणाची. या आज्ञेत खिडकीची रुंदी न सांगितल्यास १०१ बिंदू धरले जातात. दोन मिनिटांच्या नोंदींत १०१ बिंदू म्हणजे ३ तास २२ मिनिटं. वास्प-१२ बी चं अधिक्रमण सुमारे ३ तास चालतं. म्हणजे ताऱ्याचे चढउतार काढायला गेलेली आज्ञा ग्रहाची सावलीच खाऊन टाकते आणि खोली कमी भरते. खिडकी अधिक्रमणाच्या किमान तिप्पट ठेवा, संख्या विषम ठेवा. इथे ४०१ चालेल. सपाट करण्याआधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक काढून पाहा, चोरी लगेच पकडली जाते.

दुसरी जागा वेळेची. आर्काइव्हमध्ये अधिक्रमणाची वेळ पूर्ण ज्युलियन दिनांकात (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) असते, टेसच्या फायलीत मात्र त्यातून २४५७००० वजा केलेले असतात. केप्लर या टेसच्या आधीच्या अवकाश दुर्बिणीच्या फायलीत २४५४८३३. ही वजाबाकी विसरली की घडी घातलेल्या आलेखात खड्डा भलतीकडेच दिसतो आणि माणूस उगाच आवर्तकालावर संशय घेतो.

तिसरी, आवर्तकालाच्या शोधाची. शोधाची आज्ञा कधी खऱ्या कालावधीचा दुप्पट, कधी निम्मा आकडा देतं. शोध ०.५ ते ५ दिवसांत मर्यादित ठेवा आणि उत्तर आल्यावर त्याच्या निम्म्यावर आणि दुपटीवरही घडी घालून बघा. दुपटीवर दोन खड्डे दिसले आणि त्यांची खोली वेगवेगळी निघाली तर सावध व्हा. तिथे ग्रह नसून एकमेकांना झाकणारे दोन तारे असू शकतात.

चौथी, शेजाऱ्यांची. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतो. एवढ्या जागेत दोन-तीन तारे सहज मावतात, आणि परका प्रकाश मिसळला की खड्डा उथळ होतो. पीडीसीसॅप या स्तंभातल्या आकड्यांत त्याची दुरुस्ती केलेली असते, सॅपमध्ये नसते. लाइटकर्व्ह आपणहून पीडीसीसॅपच देतं, ते बदलू नका.

४. आलेखातून ग्रहाचा भूतकाळ काढा

बहुतेक नवे विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर थांबतात, कारण आलेख सुंदर दिसतो. अभ्यास सुरू होतो तो इथे.

*त्रिज्या.* खोलीचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर. खोली ०.०१४ धरली तर वर्गमूळ ०.११८. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.६६ पट आहे, आणि सूर्य गुरूच्या ९.७३ पट. तिन्हींचा गुणाकार केला की १.९ गुरू. ताऱ्याची कड मध्यापेक्षा मंद असल्याने खड्ड्याचा तळ थोडा जास्त खोल दिसतो, त्यामुळे तळाचा आकडा तसाच वापरलात तर त्रिज्या काही टक्के वाढीव येईल. सुरुवातीला ते चालेल, पण वहीत तशी नोंद हवी.

*अंतर.* केप्लरचा तिसरा नियम लावा. आवर्तकाल वर्षात, ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या पटीत. १.०९१४ दिवस म्हणजे ०.००२९९ वर्षं. त्याचा वर्ग गुणिले १.४३, आणि त्याचं घनमूळ: ०.०२३४ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर). ताऱ्याचं वस्तुमान विसरलात तर ०.०२०७ येईल, ही चूक फार होते. बुध सूर्यापासून ०.३९ एककांवर आहे. वास्प-१२ बी ताऱ्याच्या केंद्रापासून ताऱ्याच्याच जेमतेम तीन त्रिज्यांवर फिरतो.

*घनता.* वस्तुमान प्रकाशवक्रातून मिळत नाही. त्यासाठी ताऱ्याच्या वर्णपटातलं डोलणं मोजावं लागतं. आर्काइव्हमधून घ्या: सुमारे १.४७ गुरू. त्रिज्येच्या घनाने भागा, गुरूच्या घनतेने गुणा. उत्तर दर घनसेंटिमीटरला ०.३ ग्रॅमच्या आत येतं. शनीची घनता ०.६९ आहे आणि तोच आपल्या ग्रहमालेत सगळ्यात विरळ.

आता हे आकडे शेजारी मांडा आणि प्रश्न विचारा. गुरूसारखा ग्रह घडायला आधी पृथ्वीच्या कित्येक पट वजनाचा घन गाभा लागतो, मग तो वायू ओढून घेतो, अशी प्रचलित मांडणी आहे. असा गाभा हिमरेषेपलीकडे, म्हणजे पाणी गोठण्याइतकी थंडी सुरू होते त्या अंतरापलीकडे, लवकर वाढतो, कारण तिथे खडकासोबत बर्फही घन असतं. आपल्या ग्रहमालेत ही रेषा सूर्यापासून अंदाजे २.७ एककांवर होती असं मानतात. वास्प-१२ बी जिथे आहे तिथल्या तापमानाला बर्फ सोडा, खडकाचीही वाफ होते. मग गाभा तिथे जमला कसा?

यातून स्थलांतराचा विचार येतो, आणि त्याला दोन वाटा आहेत. एक, ग्रह लांब घडला आणि तरुण ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीशी होणाऱ्या ओढाताणीत आत सरकला. पण ही तबकडी काही दशलक्ष वर्षंच टिकते, फार तर दहा, तेव्हा हे सगळं तेवढ्यात उरकायला हवं. दुसरी, ग्रहांची आपसात झोंबाझोंबी झाली, एकाची कक्षा लांबट झाली आणि ताऱ्याच्या भरतीबलाने ती पुढे आवळून गोल केली. याला अशी मुदत नाही. कुठल्या ग्रहाने कुठली वाट धरली हे ठरवण्यासाठी कक्षेचा कल, लांबटपणा, शेजारी ग्रह आहेत की नाहीत, असे पुरावे जुळवावे लागतात. जिथल्या तिथेच ग्रह घडला असा तिसरा पक्षही आहे. तो मोडीत निघालेला नाही, हे पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत विसरू नका.

आणि या ग्रहाची गोष्ट अजून चालू आहे. त्याचा आवर्तकाल वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो आहे, म्हणजे तो ताऱ्याकडे घसरतो आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण परिणाम फेऱ्यांच्या वर्गाने साठत जातो. आवर्तकाल स्थिर धरून केलेल्या भाकितापेक्षा दहा वर्षांत अधिक्रमण सुमारे आठ मिनिटं आधी येतं. काही दशलक्ष वर्षांत खेळ खलास.

एक इशारा. आज मोजलेली त्रिज्या ही जन्मवेळची त्रिज्या धरू नका. हा ग्रह उष्णतेने फुगलेला आहे. लहान ग्रहांच्या बाबतीत उलट घडतं: ताऱ्याच्या प्रारणाने किंवा स्वतःच्या उरलेल्या उष्णतेने त्यांचं वातावरण उडून जातं. पृथ्वीच्या १.५ ते २ पट त्रिज्येचे ग्रह संख्येने कमी सापडतात, ही दरी २०१७ साली केप्लरच्या नोंदींतून स्पष्ट झाली, आणि तिचं प्रचलित स्पष्टीकरण हेच आहे.

५. घडणारे ग्रह जिथे असतात ती तबकडी मोजा

चिलीतल्या अल्मा दुर्बीणसंचाने २०१४ मध्ये एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीची कडी दाखवली. पुढे २०१८ मध्ये डीशार्प या प्रकल्पाने अशा २० तबकड्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यातली एचडी १६३२९६ ची फाइल उतरवून डीएस नाइनमध्ये उघडा.

मोजायची रीत सोपी आहे: विकलांमधला कोन गुणिले पार्सेकमधलं अंतर बरोबर खगोलीय एकक. हा तारा १०१ पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) आहे. म्हणजे १ विकलेवरचं कडं सुमारे १०० एककांवर. दुसरं ठळक कडं तुम्हाला ६७ च्या आसपास मिळायला हवं. ४० किंवा ५० आलं तर तुम्ही तबकडीच्या आखूड बाजूने मोजलंय. ती आपल्या नजरेला तिरकी आहे, मापं लांब अक्षावरच घ्या.

फट दिसली म्हणजे ग्रह सापडला, असं लिहू नका. धूळ इतर कारणांनीही कड्यांत गोळा होते. पीडीएस ७० या ताऱ्याच्या फटीत मात्र २०१८ आणि २०१९ मध्ये दोन ग्रह प्रत्यक्ष दिसले.

६. स्वतःची ग्रहमाला बिघडवून पाहा

रिबाउंडमध्ये एक तारा आणि गुरूएवढ्या वस्तुमानाचे दोन ग्रह ठेवा. पहिला १ एककावर, दुसरा १.२ वर. वर्तुळाकार कक्षा द्या आणि इंटिग्रेटर, म्हणजे कक्षा पावलापावलाने पुढे नेणारी गणिताची रीत, आयएएस १५ ठेवा. अशी जोडी टिकत नाही, कक्षा लवकरच विस्कटतात. आता दुसरा ग्रह १.५ वर न्या. हिल त्रिज्येच्या (ग्रहाचं गुरुत्व ताऱ्यावर मात करतं ती हद्द) हिशोबात हे अंतर ३.४६ या सीमेच्या वर जातं, आणि ग्रह एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. दोन्ही वेळचा लांबटपणा काळासमोर मांडा. वरची दुसरी वाट कशी दिसते ते तुमच्याच पडद्यावर येईल.

इथे सांभाळायचं ते एवढंच:

- न सांगितल्यास रिबाउंडमध्ये एक वर्ष म्हणजे २ पाय, ६.२८ एकक वेळ. १०० लिहिलं तर १६ वर्षंच चालतं. एककं आधी स्पष्ट सांगा.
- वस्तुमानकेंद्राकडे सरकवण्याची आज्ञा राहिली तर सगळी ग्रहमालाच हळूहळू एका दिशेला निघून जाते.
- डब्ल्यूएचफास्ट हा दुसरा इंटिग्रेटर वेगवान आहे, पण ग्रह जवळून गेले की त्याचं उत्तर खोटं ठरतं. शांत ग्रहमालेसाठीच वापरा, आणि पाऊल सगळ्यात छोट्या आवर्तकालाच्या विसाव्या भागापेक्षा मोठं नको.

७. आता आकाश

इथवर आलात तर दुर्बिणीचा विचार करा, शक्यतो मागून आणलेल्या. ग्रह दिसणार नाही, ताऱ्याची मंदावणारी तेजस्विता मोजायची आहे.

*कुठला तारा.* जगभरच्या मार्गदर्शिकांत एचडी १८९७३३ पुढे असतो: ७.७ प्रत, २.४ टक्के खोली, पावणेदोन तासांचं अधिक्रमण. ८० मिलिमीटरची दुर्बीण आणि डीएसएलआर पुरतो. गोम अशी की तो मध्यरात्री डोक्यावर येतो तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मात्र संध्याकाळी सातला तो वरच असतो आणि अकराच्या सुमारास ३० अंशांखाली जातो. चार तास मिळतात, बरोबर तेवढेच लागतात. परतीच्या पावसाने ती संधी घालवली तर फेब्रुवारी ते एप्रिल वास्प-४३ बी धरा: १२.४ प्रत, अडीच टक्के खोली, अधिक्रमण सव्वा तासाचं. त्याला १५० ते २०० मिलिमीटरची दुर्बीण हवी. वास्प-१२ बी नोव्हेंबर ते मार्च मिळतो, पण अधिक्रमण रोज सुमारे २ तास १२ मिनिटांनी पुढे सरकतं. तीन-चार रात्री सोयीच्या, मग आठवडाभर ते दिवसा.

*कुठून.* शहरातल्या गच्चीवरून एचडी १८९७३३ जमतो. मंद ताऱ्यांसाठी पन्हाळ्याकडे जा. तिथे शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्रही आहे, विद्यार्थी असाल तर भौतिकशास्त्र विभागामार्फत विचारणा करा. मसाई पठार मोकळं आहे, पण रात्री थांबण्याची परवानगी आधी विचारा. राधानगरीकडे अंधार जास्त, तसा गव्यांचा वावरही. एकट्याने जाऊ नका. गळीत हंगामात पाचट पेटवलेल्या फडांचा धूर क्षितिजालगत साठतो, त्यामुळे तारा ३५ अंशांच्या वर असतानाच मोजमाप घ्या. डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेच्या काठच्या गावांत पहाटे धुकं येतं, भिंगावर दव तर त्याआधीच. दवासाठी हीटरचा पट्टा नाहीतर हेअर ड्रायर जवळ ठेवा.

*कसं.* आकाशाच्या फिरण्यासोबत दुर्बीण वळवणारा विषुववृत्तीय माउंट आणि मोटार हवीच. कॅमेरा रॉ स्वरूपात, आयएसओ २०० ते ४०० आणि शेवटपर्यंत तोच. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, तारा १५ ते २० पिक्सेल पसरू द्या. एक्स्पोजर ३० ते ६० सेकंद. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल १६३८३ असतं, तुमच्या ताऱ्याचा माथा १०००० च्या खाली ठेवा. ज्यांच्याशी तेजस्विता ताडून पाहायची ते चौकटीतले तुलनेचे तारेही या मर्यादेत हवेत. अधिक्रमणाच्या आधी आणि नंतर एकेक तास चित्रण चालू राहिलं पाहिजे. आधीची सपाट रेषा नसेल तर खड्डा किती खोल हे ठरवणार कशावरून?

कॅमेऱ्याचे दोष वजा करण्यासाठी डार्क (झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरचे), बायस (झाकण लावून, सगळ्यात कमी एक्स्पोजरचे) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे) फोटो प्रत्येकी ३०. फ्लॅट घेताना कॅमेरा फिरवला किंवा फोकस हलवला तर ते फुकट. ते संधिप्रकाशात घ्या, नाहीतर नळीवर पांढरा सुती कपडा ताणून.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा आणि नोंद वैश्विक वेळेत करा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. इथे आपल्याला एक सोय आहे: ज्युलियन दिनांक भारतात संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात बसते. मोजणी अ‍ॅस्ट्रोइमेजजे या मोफत प्रणालीत करा आणि वेळ सौरमालेच्या वस्तुमानकेंद्राला नेऊन घ्या. ही दुरुस्ती आठ मिनिटांपर्यंत जाते. वास्प-१२ बी ची दहा वर्षांची घसरणही आठच मिनिटांची आहे, तेव्हा ती सोडली तर सगळी मेहनत पाण्यात.

८. काम कोणाला दाखवायचं

नीट उतरलेला प्रकाशवक्र एएव्हीएसओ या हौशी निरीक्षकांच्या, १९११ पासून चालत आलेल्या अमेरिकी संस्थेच्या परग्रह नोंदसंग्रहात देता येतो.

पुढे शिकायचं असेल तर जवळची जागा पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचेच. परग्रहांचा थेट शोध घेणारा गट मात्र अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) आहे. माउंट अबूवरच्या पारस वर्णपटमापकाने त्यांनी २०१८ पासून काही ग्रहांची वस्तुमानं ठरवली आहेत. प्रवेश परीक्षा: एम.एस्सी.साठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट. कुठली संस्था कुठले गुण धरते ते दरवर्षीच्या सूचनेत बघा. उन्हाळी प्रकल्पांच्या जाहिराती हिवाळ्यातच येऊ लागतात.

जोडायचे कागद: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, बोनाफाईड, ओळखपत्र, तुम्हाला प्रत्यक्ष शिकवलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र, आणि दोन पानांची टिपण. टिपणीत एकच आलेख, तुमची त्रिज्या, तिची अनिश्चितता, आणि प्रकाशित आकड्याशी फरक असला तर त्याचं कारण.

शास्त्रज्ञांना मेल करताना 'मला खगोलशास्त्राची लहानपणापासून आवड' हे वाक्य काढून टाका. त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातला एक प्रश्न आणि तुमची टिपण एवढंच पाठवा. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि मग पुढच्या नावाकडे वळा.